विषबाधेत आधी झाड ओळखा: डॉ. कान्होबा कीर्तिकर यांचे आयुष्य आणि आपली पाळीव जनावरे

तुमचा कुत्रा अचानक उलट्या करू लागला, गाय गोठ्यात थरथरत बसली किंवा शेळी तोंडाला फेस आणून आडवी झाली, तर पशुवैद्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याने काय खाल्ले? बहुतेक घरांत त्याचे उत्तर कुठलातरी पाला, कसलीतरी बी, शेतातले काहीतरी, एवढेच मिळते. उपचार मात्र या एका उत्तरावरच अवलंबून असतात. विष कोणते हे कळले, तर त्यावर नेमके औषध देता येते. ते कळले नाही, तर लक्षणे पाहत अंदाजाने पुढे जावे लागते आणि त्यात वेळ जातो.

हे उत्तर नेमके असावे म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी डॉक्टराने आपल्या आयुष्याचा मोठा भाग खर्च केला. त्यांचे नाव लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. साहित्याचे वाचक त्यांना कवी आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतात, तर औषधी वनस्पतींचे अभ्यासक एका मोठ्या ग्रंथाचे कर्ते म्हणून. घरात कुत्रा, मांजर, गाय किंवा शेळी असेल, तर त्यांची ओळख तुम्हालाही उपयोगी पडेल.

मुंबईतील जन्म आणि डॉक्टरी

कीर्तिकरांचा जन्म १८४९ साली मुंबईत झाला. त्याच्या चार वर्षे आधी, १८४५ मध्ये, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले होते. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या एतद्देशीय डॉक्टरांच्या पहिल्या पिढ्या तेथून बाहेर पडत होत्या. कीर्तिकर डॉक्टर झाले आणि पुढे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेले. त्या काळी या सेवेची प्रवेश परीक्षा इंग्लंडमध्ये होत असे आणि ती देऊन आत जाणारे हिंदी डॉक्टर फार थोडे होते. तेथे ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. ठाण्यात त्यांनी सिव्हिल सर्जनचे काम पाहिले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापनही केले.

जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनसमोर तेव्हा काय काय येत असेल, याची कल्पना करा. विषबाधेचा रोगी, संशयास्पद मृत्यू, पोलिसांनी आणलेली पुडी, सगळे त्याच्याकडेच येई. हाताशी आजची रक्ततपासणी नव्हती आणि क्ष-किरण यंत्राचा शोधही १८९५ पर्यंत लागलेला नव्हता. अशा वेळी उलटीत सापडलेला पानाचा तुकडा किंवा पोटातली बी ओळखता येणे, हेच निदान असे.

नाव चुकले तर उपचार चुकतो

कीर्तिकरांना वनस्पतिशास्त्राची ओढ होती. लंडनच्या लिनियन सोसायटीचे ते फेलो होते. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात त्यांनी शेवाळ आणि बुरशीवर लिहिले आणि १८९० च्या दशकात मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर लेखमाला चालवली. प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव, लोकांच्या तोंडी असलेली नावे, रूप आणि परिणाम एकत्र मांडणे, ही त्यांच्या कामाची पद्धत होती.

हा केवळ विद्वत्तेचा छंद नव्हता. मराठीतलेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर लाल-पिवळ्या, ज्वालेसारख्या फुलांची एक वेल दिसते. तिला आपण कळलावी म्हणतो. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात आणि बचनागही म्हणतात. पण खरा बचनाग हिमालयात होतो आणि त्याचे झाड अगदी वेगळे असते. हिमालयातल्या बचनागाचे विष काही मिनिटांत ते काही तासांत हृदयाची लय बिघडवते. कळलावीच्या कंदाने आधी जबर उलट्या आणि जुलाब होतात. मग क्षणभर बरे वाटते आणि काही दिवसांनी मूत्रपिंड, यकृत आणि अस्थिमज्जा निकामी होऊ लागतात. म्हणजे एका रुग्णाच्या हृदयावर पहिल्या तासापासून नजर ठेवावी लागते, तर दुसऱ्याला बरा दिसला म्हणून घरी सोडणे जिवावर बेतू शकते. घरच्यांनी दोन्ही वेळा बचनाग एवढेच सांगितले, तर डॉक्टरांनी काय समजावे?

एरंड आणि मोगली एरंड यांचेही तसेच आहे. दोन्ही विषारीच, पण झाडे वेगळी आणि विषेही वेगळी. म्हणून आजही आम्ही सांगतो की नावावर विसंबू नका. फांदी, पान, फळ, बी जे मिळेल ते पिशवीत घालून आणा किंवा मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा.

जनावरांची विषबाधा तेव्हाही गंभीर होती

कीर्तिकरांच्या काळात बैल मेला की शेतकऱ्याचा हंगाम बुडे. मुंबईत जनावरांच्या शास्त्रीय उपचारांची सोयही तेव्हाच आकार घेत होती. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

जनावरांना मुद्दाम विष घालण्याचे गुन्हेही होत. त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत दोन प्रकार वारंवार येतात. एक, चाऱ्यात सोमल घालणे. दुसरा, गुंजेच्या बिया वाटून त्याच्या टोकदार सुया करणे, त्या वाळवणे आणि जनावराच्या कातडीत टोचणे. टोचलेल्या जागी सूज येई, जनावर मलूल होई आणि दोन-तीन दिवसांत दगावे. पाहणाऱ्याला वाटे, साप चावला. जखमेत अडकलेला सुईचा तुकडा सापडला आणि तो गुंजेचा आहे हे ओळखता आले, तरच खरे कारण बाहेर येई.

आजही शेजाऱ्याच्या वादातून कुत्र्यांना विष घातले जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा संशय असेल तर मृत जनावर लगेच पुरू नका. पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारी पशुवैद्यांकडून शवविच्छेदन करून घ्या. आतड्याचे, यकृताचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत गेले, तरच विष सिद्ध होते.

कवी आणि डॉक्टर

कीर्तिकरांचा दुसरा संसार मराठी कवितेशी होता. १८८४ साली त्यांचे इंदिरा हे काव्य प्रसिद्ध झाले. ते टेनिसनच्या एका इंग्रजी काव्यावर आधारलेले होते आणि त्याचा विषय स्त्रीशिक्षण हा होता. पुढे १९०९ साली बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सरकारी सेवेतला शल्यचिकित्सक साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला, ही आजही दुर्मीळ वाटावी अशी गोष्ट आहे.

वनस्पतींच्या कामालाही या भाषाप्रेमाचा आधार होता, असे त्यांचे लेखन पाहून वाटते. लोक झाडाला काय म्हणतात, कोणत्या भागात काय म्हणतात, याची नोंद त्यांना शास्त्रीय नावाइतकीच मोलाची होती. कारण रोग्याचे नातेवाईक लॅटिन नाव सांगत नाहीत.

आपल्या अंगणातील विषे

कीर्तिकरांनी नोंदवलेली अनेक झाडे आजही नाशिकच्या बंगल्यांत, बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेला आहेत. ती तोडून टाका असे सांगण्याचा हेतू नाही. त्यांनी काय होते, एवढे माहीत असावे.

कण्हेर: पांढरी, लाल किंवा गुलाबी कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, ही दोन वेगळी झाडे आहेत, पण दोन्हींचे विष हृदयावर काम करते. सुरुवातीला लाळ, उलटी किंवा पोटदुखी दिसते, मग नाडी मंद आणि अनियमित होते. गाय, शेळी, घोडा यांना मूठभर पानेही जीवघेणी ठरू शकतात. वाळलेल्या पानांतही विष राहते. म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ किंवा गवताच्या ढिगावर टाकू नका.

धोतरा: तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी जलद चालते आणि जनावर बेभान, अस्वस्थ दिसते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला शंकराला धोतऱ्याची फळे व कण्हेरीची फुले वाहिली जातात. ते निर्माल्य गाईपुढे टाकणे पुण्याचे वाटते, पण ते तिच्या जिवावर बेतू शकते. निर्माल्य कलशातच टाका.

गुंज आणि एरंड: अखंड गुंज गिळली तर कठीण कवचामुळे ती बरेचदा तशीच बाहेर पडते. चावली किंवा कुटली गेली तर ती घातक असते. एरंडाच्या बियांचे आणि त्यांच्या पेंडीचेही तसेच. सेंद्रिय खत म्हणून कुंड्यांत घातलेली एरंडीची पेंड कुत्रे आवडीने खातात, हे लक्षात ठेवा. रक्ताचे जुलाब, उलट्या आणि अशक्तपणा ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

कोवळी ज्वारी: पावसाने ओढ दिल्यावर सुकलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटक जास्त असतो. जनावर चरल्यावर काही मिनिटांत धापा टाकते, डोळ्यांच्या व हिरड्यांच्या आतला भाग लालभडक दिसतो आणि ते कोसळते. त्यावर शिरेतून द्यायचे नेमके औषध आहे, पण पशुवैद्य पोहोचायला वेळ फार थोडा असतो. अशा ज्वारीत जनावर सोडूच नये.

शेवटची वर्षे आणि मोठा ग्रंथ

निवृत्तीनंतर कीर्तिकरांनी मेजर बामनदास बसू यांच्याबरोबर भारतातील औषधी वनस्पतींच्या ग्रंथाचे काम केले. बसूही इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले निवृत्त डॉक्टर होते आणि अलाहाबादला राहत. झाडांची वर्णने, निरनिराळ्या भारतीय भाषांतली नावे, उपयोग आणि सुमारे हजार चित्रे असा तो पसारा होता. ग्रंथ छापून आलेला पाहणे कीर्तिकरांच्या नशिबी नव्हते. १९१७ साली त्यांचे निधन झाले आणि १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसमधून इंडियन मेडिसिनल प्लांट्स प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची पुढची कथा रुग्णांनी आणि पशुपालकांनी आवर्जून जाणून घ्यावी. त्याची सुधारित आवृत्ती १९३० च्या दशकात निघाली. ती तयार करणाऱ्यांत फादर ब्लॅटर, कैअस आणि डॉ. म्हसकर हे तिघे होते. यांपैकी म्हसकर आणि कैअस यांनी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एक मोठे काम केले होते. सर्पदंशावर उतारा म्हणून देशभर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तपासल्या आणि १९३१ साली निष्कर्ष मांडला. त्यांतील एकही वनस्पती सापाच्या विषावर उपयोगी ठरली नाही.

म्हणजे पुस्तकात एखाद्या झाडाचा उपयोग लिहिलेला असणे म्हणजे तो उपयोग सिद्ध झालेला असणे नव्हे. लोक काय वापरतात ती नोंद पहिली पायरी, आणि ते खरेच लागू पडते का हे तपासणे दुसरी. कुत्र्याला किंवा बैलाला नाग, मण्यार, घोणस चावली तर मुळी उगाळून लावण्यात वेळ घालवू नका. माणसांप्रमाणे त्यांनाही प्रतिसर्पविषच लागते.

कीर्तिकरांच्या यादीत नसलेली विषे

नाशिकची ओळख द्राक्षे आणि कांदा. गंमत पाहा, माणसाला मानवणारी ही दोन्ही पिके कुत्र्याला अपायकारक आहेत. कीर्तिकरांच्या काळी हे कोणाला माहीत असण्याची शक्यताच नव्हती. द्राक्षांचा धोका तर गेल्या काही दशकांतच पशुवैद्यांच्या लक्षात आला.

द्राक्षे आणि बेदाणे: काही कुत्र्यांची मूत्रपिंडे द्राक्षांनी निकामी होतात. त्यातील टार्टरिक आम्ल कारणीभूत असावे असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. किती द्राक्षे सुरक्षित, याचा आकडा नाही. पहिल्या २४ तासांत उलट्या, मग मलूलपणा आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होणे, अशी लक्षणे येतात. बागेत मोकळा फिरणारा कुत्रा गळलेले मणी खात असेल तर सावध व्हा.

कांदा आणि लसूण: यांनी लाल रक्तपेशी फुटतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला, तर रक्तात बदल दिसू लागतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे दोन-तीन मध्यम कांदे झाले. मांजराला याहून कमी पुरतो. शिजवल्याने धोका जात नाही. हिरड्या फिकट पडणे, गडद रंगाची लघवी आणि धाप ही लक्षणे काही दिवसांनी येतात.

फवारणीची औषधे: ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकाने लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंगाचे स्नायू थरथरतात, जुलाब होतात आणि श्वास अडतो. यावर अॅट्रोपिनचे इंजेक्शन पशुवैद्य देतात. डब्यावरचे घटकाचे नाव त्यांना दाखवा.

उंदीर मारायचे औषध: रक्त पातळ करणाऱ्या प्रकारात पहिले दोन-तीन दिवस जनावर ठणठणीत दिसते, मग नाकातून, लघवीतून किंवा आत रक्तस्राव होतो. व्हिटॅमिन के १ हा त्यावर उतारा आहे आणि तो कित्येक आठवडे द्यावा लागतो. झिंक फॉस्फाइड हा प्रकार निराळा आहे. पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू तयार होतो. अशा जनावराची उलटी बंद खोलीत किंवा गाडीत झाली तर माणसांनाही बाधा होऊ शकते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा.

माणसांच्या गोळ्या: ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका.

विषबाधेचा संशय आला तर काय कराल?

१. जनावराला त्या जागेपासून दूर न्या. उरलेले विष, पाला, पुडी मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

२. काय, किती आणि केव्हा खाल्ले ते कागदावर लिहा. झाडाची फांदी, रिकामी पुडी, डबा किंवा उलटीचा नमुना सोबत घ्या.

३. लगेच पशुवैद्यांना फोन करा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

४. औषध अंगावर सांडले असेल तर हातमोजे घालून भरपूर पाण्याने धुवा आणि जनावराला अंग चाटू देऊ नका.

५. लक्षणे नाहीत म्हणून वाट पाहू नका. द्राक्षे, उंदराचे औषध, एरंड आणि कळलावी यांत सुरुवातीचे तास शांत जाऊ शकतात आणि उपचाराची खरी संधी तेव्हाच असते.

काय करू नये?

मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. त्याने रक्तातील सोडियम वाढून झटके येतात. उलटी करवायची की नाही, हे पशुवैद्य ठरवतात. बेशुद्ध, झटके येणाऱ्या किंवा रॉकेल प्यायलेल्या जनावरात ती धोक्याची असते. घोड्याला उलटी करताच येत नाही आणि गाय-म्हैसही आपल्यासारखी उलटी करत नाही. दूध, तेल, तूप, चिंचेचे पाणी जबरदस्तीने ओतू नका. ते फुप्फुसात गेले तर दुसरेच संकट ओढवते. विष शोषून घेणारा औषधी कोळसा पशुवैद्य योग्य मात्रेत देतात. चुलीतला कोळसा त्याचे काम करत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या जिवासाठी. लाळ गाळणारा, गिळता न येणारा, आवाज बदललेला कुत्रा विषबाधेचाच असेल असे नाही. तो रेबीजचाही असू शकतो. घशात काही अडकले का पाहायला तोंडात हात घालू नका. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा.

ज्या बिट्टीने शेळी मरते, तीच बिट्टी खेळताना मुलेही तोंडात घालतात. जनावराला झालेली विषबाधा ही घराला मिळालेली सूचना समजा आणि अंगणात कोणती झाडे आहेत ते एकदा फिरून पाहा. ज्यांचे नाव माहीत नाही त्यांचे फोटो काढून कृषी सहायकांना किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना विचारा. कीर्तिकरांनी हेच काम साऱ्या इलाख्यासाठी केले. तुम्हाला ते फक्त तुमच्या अंगणापुरते आणि गोठ्यापुरते करायचे आहे. एका रविवारी होण्यासारखे आहे.